गाभा काढलेली पिलं

भाऊ, आधी बातमी सांगते, मग बाकीचं. विहिरीवरची केळ काढली. मुळासकट उपटली, लांब नेऊन पुरली, खड्ड्यात चुना टाकला. वहिनींनी स्वतः उभं राहून काढून घेतली. तू ओरडशील म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं. तू आता ओरडू शकत नाहीस, हे लक्षात यायला मला अजूनही जरा वेळ लागतो.

तू पोळ्याच्या तोंडावर गेलास. आता संक्रांत झाली, गावात भरताच्या पार्ट्या सुरू आहेत, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जातायत. मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, गेले नाही. दुःखाने नाही गेले असं समजू नकोस. तिथे सगळे तुझ्याबद्दल गोड बोलतात आणि मग मला हसू येतं. तुला गोड कधीपासून म्हणायला लागले हे लोक? अख्ख्या यावल तालुक्यात तुझ्याइतका हट्टी माणूस नव्हता, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तू गेलास तेव्हा मी रडले नाही. बायकांनी बघितलं, आपसात बोलल्याही असतील. बोलू देत. तुझ्यामाझ्यात रडारड कधी नव्हतीच, भांडण होतं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले की पहिला चहा संपायच्या आत आपलं सुरू व्हायचं आणि वहिनी पुरणाचं पातेलं घेऊन आत निघून जायच्या. भांडण एकाच गोष्टीवरून, आणि तेही अर्धंच राहिलं. आता माझी बाजू मी मांडणार, तुझीही मलाच मांडावी लागणार, आणि मी तुझी नीट मांडीन याची खात्री नाही.

मी काय काम करते ते तू लोकांना एका वाक्यात सांगायचास. "माही बहीन जळगावात बाटलीत केयी लावते." ऐकणारा हसायचा, तूही हसायचास. वाक्य खोटं नव्हतं. केळीच्या बुडाशी फुटलेलं एक पील घ्यायचं, त्याच्या पोटातला शेंडा काढायचा, बाटलीतल्या खाऊवर ठेवायचा. शेंड्यातल्या पेशी वाढतात, दुभागतात, परत वाढतात, परत दुभागतात. एकाची चार रोपं होतात, चारांची किती ते विचारूच नकोस. आज तालुक्यातल्या बहुतेक बागा अशाच बाटलीतून आलेल्या आहेत. तुझी मोठी बागही तशीच होती, फक्त रोपं तू मुद्दाम दुसऱ्या लॅबमधून आणायचास. सख्खी बहीण इथे बसलेली असताना! "घरच्याकडून घेतलं का भाव करता येत नही," म्हणायचास.

पण विहिरीवरची ती एक केळ वेगळी. नानांना, म्हणजे आपल्या वडिलांना, ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून मिळाली होती. बुटकं फळ, पातळ साल, वाऱ्याला दाद न देणारी. तिला नाव नव्हतं, बाजारात भाव नव्हता. झाड एकदा निसवलं, म्हणजे केळफूल आलं, घड दिला, की मरायचं, आणि त्याच्या बुडातलं पील त्याच जागी मोठं व्हायचं. नाना गेले तरी ते चालूच होतं. तू तिचं पील कधी कुणाला दिलं नाहीस. बांधाला बांध असलेला चुलतभाऊ, आबा, त्याने किती वेळा मागितलं! मी मागितलं, "एकदा बाटलीत लावून बघते." मलाही नाही. "आपली केय आपल्या विहिरीवर," एवढंच म्हणायचास आणि विषय संपवायचास.

यावरूनच तर आपलं भांडण. तू म्हणायचास, पील म्हणजे लेकरू, आईच्या अंगावर वाढलेलं. बाटलीतलं ते आपलं नव्हे, त्याला आईच नाही. मी म्हणायचे, अरे पील लेकरू नाहीच. लेकराला बाप लागतो, बी लागते. या केळीत बी कुठंय? पील म्हणजे तीच केळ. पेशी दुभागत गेल्या, बाजूला आल्या, एवढंच. नानांनी लावली तीच केळ आज उभी आहे, दुसरी कुणी नाही. बाप नाही म्हटलं की तुझं डोकं सणकायचं. जणू मी तुझ्या केळीच्या चारित्र्यावरच बोलले! वहिनी आतून हसायच्या, ते तुला ऐकू यायचं, आणि तू आणखी चिडायचास.

मग एकदा तू ट्रॅक्टरचा कसलासा पार्ट घ्यायला जळगावला आलास आणि मेहरूणला माझ्या घरी जेवून दुपारी माझ्याबरोबर लॅबमध्ये आलास. दारात चपला काढल्यास, डोक्याला ती कापडी टोपी घातलीस, आणि आरशात बघून म्हणालास, "हलवायासारखा दिसून राह्यलो." शिकायला येणाऱ्या मुलींसाठी आम्ही कांद्याच्या मुळाच्या काचपट्ट्या करून ठेवतो. त्यातली एक मी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. तू एक डोळा मिटून बघत बसलास. एरवी तुला जेवायलासुद्धा धीर नसायचा.

मी सांगत गेले. पेशी आधी फुगते. आतलं सगळं सामान दुप्पट करून ठेवते. मग ते धागे दिसतायत ना, ते आखूड, जाड होतात, मधोमध रांगेत उभे राहतात, आणि दोन बाजूंना ओढले जातात. मध्ये भिंत येते. एकीच्या दोन झाल्या.

"वाटनी झाली म्हन," तू म्हणालास.

"वाटणीच. फक्त इथे दोघींना अख्खं शेत मिळतं, अर्धं नाही."

"मंग भांडन कशाचं?"

"नाहीच भांडण."

तू परत वाकून बघितलंस. "अन् यातली आई कोनती?"

मी म्हटलं, आई नाही उरत. जी होती तिच्याच या दोन झाल्या. पुस्तकात यांना कन्यापेशी म्हणतात. तू भिंगावरून डोळा काढून माझ्याकडे बघितलंस. "म्हंजे आई मेली?" मेली कुठे, मी म्हटलं, प्रेत दाखव बरं. "मेलीबी नही अन् हायेबी नही," असं स्वतःशीच म्हणालास, आणि जरा वेळाने, "लेकच काहून? पोरगा काहून नही?" शेजारच्या टेबलावरच्या दोघी मुली फिसकन हसल्या. आमच्या पुस्तकांत सगळ्या लेकीच असतात, एवढं मला ठाऊक होतं. जाताना फाटकापाशी तू म्हणालास, "तुहं काम खराब नही, निमे. पन केय मी देनार नही." घ्या!

मग मागच्या पावसाळ्यात केळीवर हरण्या रोग आला. पानांवर पिवळे पट्टे, मग पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, मग झाड बसतं. मावा ही बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर हा रोग नेते आणि औषध काही नाही, झाड उपटून नष्ट करायचं, बस. तुझी मोठी बाग तू काढून टाकलीस. मला फोनवर सांगितलंस तेव्हा आवाज असा होता, जणू कोथिंबिरीचा वाफा काढला. पण विहिरीवरच्या केळीच्या पानावरही पट्टे आले होते. ते मला तुझ्याकडून नाही, आबाकडून कळलं. आबाला दिवाळीआधी शेजारच्या शेतात नवीन लागवड करायची होती, रोग शेजारी उभा ठेवून तो कशी करणार? त्याचं चूक नव्हतं.

मी तुला फोन केला. तो आपला शेवटचा, आणि त्यातही तू सुरुवातीलाच तिरका. मी म्हटलं, ऐकून तर घे. हा व्हायरस झाडाच्या नळ्यांमधून फिरतो. शेंड्याच्या अगदी टोकाला नळ्या अजून झालेल्या नसतात. तिथल्या पेशी इतक्या भराभर दुभागतात की व्हायरस मागे पडतो. नेहमी नाही, पण बऱ्याचदा. टाचणीच्या टोकाएवढा तो शेंडा काढून बाटलीत लावला तर रोगी केळीतून निरोगी केळ निघू शकते. तू मला पिलं दे आणि बाकीची केळ काढून टाक. दोन्ही करावं लागेल.

मग म्हणालास, "अन् नही निंगालं तर?"

"तर गेली."

"मंग आत्ता उभी तर हाये."

"उभी आहे, पण मरतेय रे भाऊ."

"पाहू," म्हणालास. तुझ्या तोंडचं "पाहू" म्हणजे नाही, हे या घरातल्या गायीगुरांनाही ठाऊक होतं. मी चिडून फोन ठेवला. चार दिवसांनी वहिनींचा फोन आला की तू दुपारी शेतातून आलास, ओट्यावर टेकलास, पाणी मागितलंस आणि पाणी येईपर्यंत थांबला नाहीस. तिथेही धीर नाही.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी आबा ओट्यावर येऊन बसला आणि खाली मान घालून केळीचं बोलला. बिचाऱ्याला बोलवत नव्हतं, पण त्याची रोपं यायची वेळ झाली होती. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पिलं मला पाठवा आणि केळ काढून टाका. त्यांनी मान हलवली. मी जळगावला परतले. आमच्या साहेबांच्या विनवण्या करून लॅबच्या मागची वेगळी खोली मिळवली, कारण रोगी पील आमच्या मुख्य इमारतीच्या दारातसुद्धा येऊ देत नाहीत. दोनच दिवसांत गोणी आली, यावलच्या बसने, कंडक्टरच्या हाती.

मी गोणी उघडली आणि एकेक पील बाहेर काढून उजेडात धरलं. पिलं स्वच्छ तासलेली, मुळं काढलेली, वरचं खोड छाटलेलं, आणि प्रत्येकाच्या मधोमध विळ्याच्या टोकाने केलेला गोल खड्डा. गाभा काढलेला. मला जे हवं होतं नेमकं तेच, टाचणीच्या टोकाएवढं, सगळ्यांतून कोरून टाकलेलं.

हे कुणाचं काम ते मला विचारावं लागलं नाही. तूच तर शिकवलंस. आईझाडाच्या बुडात पिलं माजली की तिचं खाऊन टाकतात, म्हणून नको असलेलं पील कापायचं, आणि नुसतं कापून भागत नाही, परत फुटतं, म्हणून विळ्याचं टोक फिरवून गाभा काढायचा. तुझ्या शेतात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला तू हे करायला लावायचास. वहिनींचा हात तर लग्न होऊन आल्यापासून त्यावरच बसलेला.

मी फोन लावला आणि जे बोलायला नको ते सगळं बोलले. केळही तोवर उपटून पुरली होती, म्हणजे मागे काही नाही. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तुला माहीत आहे, इतकी वर्षं यावलला काढली तरी त्यांनी धुळ्याकडची बोली सोडली नाही. "पील कसं कापतस ते त्यासनीच शिकाडेल शे माले," त्या म्हणाल्या. "दुसरं कसं कापतस ते कोनी सांगं?" आणि मग त्या रडायला लागल्या. तुझ्या मातीला रडल्या नसतील इतक्या. त्यांनी तुझं काम तुझ्याच पद्धतीने केलं होतं, तुझ्या माघारी, नीटनेटकं.

ती गोणी उकिरड्यावर टाकायला म्हणून उचलली, आणि मग माझं डोकं चालायला लागलं. गाभा काढताना शेंडा जातो, पण कंद तर पुरता होता. कंदावर प्रत्येक पानाच्या बुडाशी एक डोळा असतो, झोपलेला. झोपतो तो आपल्या मनाने नाही. शेंडा जिवंत आहे तोवर वरून एक रस सोडत राहतो, आणि त्या रसाने खालच्या डोळ्यांना फुटूच देत नाही. सगळं वाढायचं ते मी वाढणार, असा त्याचा खाक्या. शेंडा गेला की तो धाक जातो. आम्ही लॅबमध्ये नाहीतरी हेच करतो, शेंड्याला मुद्दाम चिरा देतो, म्हणजे बाजूच्या पेशी जाग्या होतात. वहिनींनी विळ्याने जरा जास्तच मोठी चीर दिली होती, इतकंच.

सगळे कंद मी औषधात बुडवून नारळाच्या भुश्यात ठेवले, वर बारीक जाळी, म्हणजे मावा शिरायला नको. रोज सकाळी जाऊन बघायचं. पहिले कितीतरी दिवस नुसता वास. एक कंद सडला, मग दुसरा. मुली मला विचारेनाशा झाल्या. मी वहिनींना फोन केला नाही, कारण सांगायला काही नव्हतं आणि माफी मागायची मला सवय नाही, ती तुझ्याकडून मिळालेली आहे. मग दसऱ्याच्या सुमाराला एका कंदाच्या कडेला, खड्ड्यापासून लांब, हरभऱ्याएवढा फुगवटा दिसला. पांढरा, जरासा गुलाबी. दोन दिवसांनी शेजारच्या कंदावर दुसरा. मी तिथेच उभी राहून मोठ्याने म्हणाले, "आली गं बाई!" खोलीत कुणी नव्हतं.

मग आणखी चारपाच डोळे फुटले, आणि पुढचं काम माझं. डोळ्याचं एकेक पान सोलत जायचं, सूक्ष्मदर्शकाखाली, श्वास धरून, शेवटी तो ओलसर घुमट उरेपर्यंत. तो कापायचा आणि बाटलीत ठेवायचा. केळीचा चीक काळा पडतो, त्यात शेंडा मरतो. एक मेला. एकावर बुरशी आली. उरले ते हिरवे झाले आणि वाढू लागले. मग पानाचे तुकडे तपासणीला पाठवले. एका शेंड्यापासून वाढलेल्या रोपांच्या ओळीत व्हायरस निघाला, ती सगळी नष्ट केली. दुसरी ओळ साफ निघाली. खात्रीसाठी परत पाठवली, परत साफ.

तेव्हा मी वहिनींना फोन केला. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या, एकट्या, बसने. तू असताना त्या एकट्या जळगावला कधी आल्याचं मला आठवत नाही. त्या मागच्या खोलीत आल्या, बाटली दोन्ही हातांनी धरली, उजेडाकडे केली. आत बोटाएवढी केळ, चार पानांची. त्यांना तुझ्यामाझ्यासारखं आई की लेक असलं काही सुचलं नाही. त्यांनी विचारलं, "याना कितल्या व्हतीन?"

मी म्हटलं, म्हणाल तितक्या. पण जास्त वेळा दुभागल्या की एखादी बिघडते, म्हणून बेताने करू. मी ठरवलं होतं की पाचसहा रोपं त्यांना द्यायची, जमीन साफ झाली की विहिरीवर लावायला, आणि एक बाटली इथे राखून ठेवायची. तसं सांगितलं.

"नही," वहिनी म्हणाल्या. "बठ्ठासले देऊत. गावमा जेनं वावर शे त्याले एक. पहिली आबाले." म्हणजे सगळ्यांना, गावात ज्याचं ज्याचं शेत आहे त्या प्रत्येकाला! "एकना वावरमा मरनी तरी दुसराना वावरमा ऱ्हाई," त्यांनी समजावलं, जसं काही मला हे कळत नव्हतं.

"भाऊला हे आवडलं नसतं, वहिनी."

"नहीच आवडतं. माले माहीत शे." त्यांनी बाटली जपून फळीवर ठेवली. "पन ते नहीत ना आते."

रोपं आता वाढतायत. उन्हाळा सरला की गावभर जातील. फळ तसंच येईल का, ते निसवल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण केळ वाचली, एवढं नक्की. आणि यात एक गोष्ट आहे जी मी गावात कुणाला बोलून दाखवू शकत नाही, वहिनींनाही नाही, म्हणून तुला सांगते. तू असतास तर पील कापू दिलं नसतंस. ती तुझ्या विहिरीवर पिवळी पडून, पोंगा सडून संपली असती, आणि तू शेवटच्या पानापर्यंत मला "पाहू" म्हणत राहिला असतास. तू गेलास म्हणून ती वाचली. मी हे उलटसुलट करून बघितलं, दुसरं काही निघत नाही. रोज सकाळी बाटल्या बघायला जाते, बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचा रागही येतो.

मरू द्यायची होती रे केळ. तू हवा होतास.